वेलाने मान टाकली तर आधी बुंधा उकरा, मग पाणी सोडा
पानमळ्यातील रोग ओळखण्याची आणि आवरण्याची रीत

मृगाचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झालेत. दोन दिवस उघडीप आहे, ऊन चटका देतंय. सकाळी तुम्ही मळ्यात शिरता आणि कालपर्यंत तजेलदार असलेला एक वेल माना टाकून उभा दिसतो. पानांची चकाकी गेलेली, देठ लोंबलेले. पहिला विचार मनात काय येतो? वेल तहानला! लगेच मोटर चालू होते, पाट फुटतो, सरीत पाणी पडतं. दुसऱ्या दिवशी त्याच सरीतले शेजारचे दोन वेल तसेच दिसतात. मग आणखी पाणी. पंधरा दिवसांत सरीच्या सरी वाळून जातात आणि आपण म्हणतो, मळ्याला नजर लागली.

शेतकरी बंधूंनो, नजर लागलेली नसते. वेलाला पाणी कमी पडलेलं नसतं, पाणी ओढणारी मुळंच कुजलेली असतात. मुळं नाहीत म्हणून वेल सुकतो आणि सुकतो म्हणून आपण त्याच कुजीला पाणी पाजतो. पानमळे बसण्याचं हे मोठं कारण आहे. मिरज तालुक्यातला मळा असो, रामटेकचा असो की अंजनगाव सुर्जीकडचा, ही चूक सगळीकडे सारखीच होते.

पानमळा हे काही एका हंगामाचं पीक नव्हे. शेवरी, हादगा, पांगारा उभा करायचा, बेणं लावायचं, बांधणी, उतरण, खत, मजुरी. वर्ष-दीड वर्ष घातल्यावर मळा जोमात येतो आणि मग पुढे काही वर्षं खुडा चालतो. असा मळा एका पावसाळ्यात गेला तर त्या वर्षाचं उत्पन्न बुडतंच, वर लागवडीचा सगळा खर्च आणि पुढची वर्षंही बुडतात. म्हणून रोग नीट ओळखणं ही पहिली गोष्ट. औषध नंतर.

दुकानात जाण्याआधी मळ्यात बसा

आपली सवय अशी, की एक पान तोडायचं, खिशात घालायचं, औषधाच्या दुकानात दाखवायचं आणि दुकानदार देईल ती पुडी आणायची. पान बघून अर्धेच रोग कळतात. वेलाचं दुखणं बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. म्हणून मळ्यातच दहा मिनिटं बसा आणि पुढच्या पाच गोष्टी क्रमाने बघा.

पहिली, ओल. वेलाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटं खोल माती उकरा आणि मुठीत दाबा. लाडू होऊन बोटांना चिखल लागला तर पाण्याची तहान नाही, हे नक्की. माती भुगा होऊन पडली तरच पाण्याचा विचार करा.

दुसरी, बुंधा. जमिनीलगतची माती हाताने बाजूला सारा. वेलाची साल काळी पडली आहे का? बोटाने दाबली तर बुळबुळीत लागून निसटते का? कुजका वास येतो का? पांढरा कापसासारखा धागा दिसतो का?

तिसरी, मूळ. एक बारीक मूळ हलकेच ओढून बघा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो.

चौथी, पान. खालचं पान आधी पिवळं झालं की वरचं कोवळं पान आधी? डाग कसा आहे, गोल की कोनदार? पान उलटं करा, उजेडासमोर धरा.

पाचवी, जागा. एकच वेल आजारी आहे, एक सरी आहे, की सगळा मळा? पाण्याच्या वाटेने दुखणं पुढे सरकतंय का? फक्त पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूलाच आहे का?

या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली, की निम्म्याहून जास्त निदान झालंच समजा.

मर आणि पायकूज : सगळ्यांत घातक

बुंधा काळा, साल निसटती, वास कुजका, माती ओली आणि वेल दोन-चार दिवसांत वरपासून खालपर्यंत सुकलेला. ही खूण फायटोप्थोरा या पाणबुरशीची. हिचं बी पाण्यात अक्षरशः पोहतं. सरीतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर, पावसाच्या उडणाऱ्या थेंबाबरोबर, पायाला लागलेल्या चिखलाबरोबर ते एका वेलावरून दुसऱ्यावर जातं. जून ते सप्टेंबर हा तिचा सुगीचा काळ. हवेत दमटपणा आणि वातावरण थंडसर असलं की ती फोफावते. हीच बुरशी खालच्या, जमिनीजवळच्या पानांवरही येते. पानावर पाण्याने भिजल्यासारखा तपकिरी-काळा मोठा डाग पडतो आणि त्यात फिकट-गडद वलयं दिसतात. खालच्या पानांवर असे डाग दिसले, की बुंध्याला धोका आहे असं समजून त्याच दिवशी हालचाल करा.

आता उपाय ऐका. बुंधा पूर्ण काळा झालेला वेल वाचत नाही. त्याच्यावर औषध ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तो वेल मुळासकट आणि भोवतालच्या मातीसकट काढा, पोत्यात भरा, मळ्याबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. ओढत नेऊ नका, कुजकी माती वाटेभर सांडते. उकिरड्यावर किंवा ओढ्यात तर अजिबात टाकू नका. तो ओढा खाली दुसऱ्याच्या मळ्याला जातो.

त्या सरीचं पाणी ताबडतोब तोडा. आजारी जागेतून निघालेलं पाणी पुढच्या निरोगी सरीत जाता कामा नये. पाणी द्यावंच लागलं तर चांगल्या सऱ्यांना आधी, आजारी सरीला सगळ्यांत शेवटी. पावसाचं पाणी साचत असेल तर त्याच दिवशी चर काढून वाट करून द्या.

मग आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या वेलांच्या बुंध्यात एक टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करा आणि खालच्या पानांवर अर्धा टक्का बोर्डोची फवारणी करा. खरं तर हे काम रोग दिसण्याआधी, पावसाच्या तोंडावर एकदा व्हायला हवं. पुढे पावसाळाभर महिन्याच्या अंतराने आळवणी करावी. रोग आल्यावरची धावपळ निम्मीच फळते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मर दिसली की कार्बेन्डाझिम ओतायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. ते औषध इतर अनेक बुरश्यांवर चालतं, पण या पाणबुरशीवर चालत नाही. पैसे जातात, आठ दिवस वाया जातात आणि तेवढ्यात दुखणं चार सऱ्या ओलांडतं. तांबंयुक्त औषधं मात्र हिच्यावर लागू पडतात.

बोर्डो घरीच करा, पण नीट करा

एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद कापडात बांधून ५० लिटर पाण्यात टांगून विरघळू द्या. चुना वेगळ्या भांड्यात भिजवून, गाळून, ५० लिटर करा. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळत राहा. आकाशी निळा रंग आला पाहिजे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत.

मग स्वच्छ घासलेला लोखंडी विळा किंवा सुरी मिनिटभर मिश्रणात बुडवा. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा परीक्षा करा. ही परीक्षा न करता मारलेलं बोर्डो कोवळं पान जाळतं. जुना, हवा लागून पीठ झालेला चुना वापरू नका. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळू नका. अर्धा टक्क्याला मोरचूद आणि चुना प्रत्येकी ५०० ग्रॅम, पाणी तेच १०० लिटर.

पांढरा धागा आणि मोहरीचे दाणे

बुंधा उकरल्यावर जमिनीलगत पांढरी कापसासारखी बुरशी पसरलेली आणि तिच्यात मोहरीएवढे गोल दाणे दिसले, आधी पांढरे आणि नंतर तपकिरी, तर ही वेगळी बुरशी आहे, स्क्लेरोशियम. ती उबदार हवेत आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर वाढते. बुंध्याशी कच्चं शेणखत किंवा ओला पाला टाकणाऱ्या मळ्यात ती हमखास सापडते. ते दाणे जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून आजारी वेल आणि त्याच्याभोवतीची दाणे असलेली माती दोन्ही काढून मळ्याबाहेर न्या. पुढे बुंध्याशी चांगलं कुजलेलं, हाताला भुसभुशीत लागणारं खतच घाला.

या रोगावर आणि पायकुजीवरही आधीपासून ट्रायकोडर्मा वापरल्याचा फायदा होतो. एकरी २ किलो भुकटी १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि मग बुंध्याभोवती मातीआड करा. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, बोर्डोने ती मरते. दोन्हींत किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. आज ट्रायकोडर्मा आणि उद्या बोर्डो केलं, तर पहिल्याचे पैसे गेले.

वेल मरत नाही, पण वाढतही नाही

पानं लहान, पिवळसर, खुडा दरवेळी कमी. दुपारी कोमेजतो, संध्याकाळी उभा राहतो. खत घातलं तरी फरक नाही. असा रडका वेल दिसला तर मूळ धुऊन बघा. मुळावर मण्यांसारख्या गाठी असतील तर ती सूत्रकृमीची लागण.

इथे एक फसगत होते. शेवरीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्र साठवणाऱ्या जिवाणूंच्या, उपकारक. फरक सोपा आहे. शेवरीची चांगली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज निघते आणि फोडली तर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती वेगळी काढता येत नाही. शेवरीलाही सूत्रकृमी लागतो, म्हणून दोन्हींची मुळं तपासा.

उपाय म्हणजे वेलांना निंबोळी पेंड आणि भरपूर कुजलेलं खत. मळ्यात किंवा कडेला वांगी, टोमॅटो, भेंडी लावू नका, ती या कृमीची आवडती पिकं. सूत्रकृमीने टोचलेल्या मुळातून मर रोगाची बुरशी सहज आत शिरते, म्हणजे एक दुखणं दुसऱ्याला दार उघडून देतं.

पानावरचे डाग

कडेपासून किंवा मध्येच वेडावाकडा तपकिरी-काळा डाग, भोवती पिवळी कड आणि खोडावरही काळे चट्टे, हा करपा. चट्टा खोडाला वेढा घालतो तेव्हा वरचा भाग सुकतो आणि खालचा हिरवाच राहतो. मुळं तपासली तर चांगली निघतात. अशा वेळी चट्ट्याच्या खाली निरोगी भागात कापून वरचा भाग काढून टाका आणि बोर्डोची फवारणी घ्या.

पान उलटं करून उजेडासमोर धरल्यावर शिरांच्या मधे बारीक, कोनदार, पाणी भरल्यासारखे ठिपके दिसले तर तो जिवाणूंचा ठिपका. पान ओलं असताना खुडा केला की मजुरांच्या हातांनी तो मळाभर जातो. दव वाळल्यावरच खुडा सुरू करा आणि आजारी बाजू शेवटी घ्या. माणसाच्या दवाखान्यातली प्रतिजैविकं पानावर मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते पान माणसं चावून खातात.

पानाच्या खाली पांढरी पिठी असेल तर भुरी. पानं चिकट होऊन वर काजळी धरली असेल तर खाली पांढरी माशी, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा. मुंग्यांची रांग वेलावर चढताना दिसली की ही कीड असतेच, कारण मुंग्या तिच्या गोड चिकट्यासाठी येतात. काजळी हा वेगळा रोग नाही, कीड गेली की ती जाते. किडीने भरलेली पानं व शेंडे काढून टाका. निंबोळीचा ५ टक्के अर्क फवारा. त्यासाठी ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा आणि १०० लिटर पाणी करायचं. पानाच्या खालच्या बाजूला फवारा गेला पाहिजे, वरवर शिंपडून उपयोग नाही.

जिथे रोगच नसतो

सगळं दुखणं रोगाचं नसतं. खालची जुनी पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्राची भूक. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत आणि सतत ओल्या जमिनीत हे फार दिसतं, तेव्हा आधी पाणी कमी करून बघा. पानाच्या कडा जळत असतील तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आणि माती तपासून घ्या. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात हे कारण नेहमीचं आहे. एकाच बाजूची पानं पांढरट भाजल्यासारखी दिसली तर सावली तुटली आहे. शेवरी छाटताना हात राखून छाटा आणि पश्चिमेला ताटी लावा. बांधणी घट्ट बसून वेल कापला गेला, तरी वरचा भाग पिवळा पडतो. तिथे औषध नको, गाठ सोडवा.

नवी लागवड करताना

पानवेल बियांपासून नव्हे, कांड्यांपासून लावतात. म्हणजे शेजाऱ्याच्या मळ्यातलं बेणं आणलं की त्याचा रोगही घरी येतो. निरोगी मळ्यातून, वेलाच्या वरच्या जोमदार भागातलं बेणं घ्या. लावण्याआधी अर्धा टक्का बोर्डोत अर्धा तास बुडवा. जिथे मळा मरने गेला त्याच जागी लगेच दुसरा लावू नका. थांबणं शक्यच नसेल तर एप्रिल-मे महिन्यात जमीन नांगरून, ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद कडा मातीने दाबून चार-सहा आठवडे अंथरा. उन्हाच्या तापाने वरच्या थरातली बुरशी आणि सूत्रकृमी बरेच मरतात. आणि उतरण पावसाच्या तोंडावर ठेवू नका. ताज्या जखमेचा वेल ओल्या मातीत गाडणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

खाणाऱ्याचाही विचार

पान हे शिजवून खायचं नाही, सालही काढता येत नाही. आज खुडलेलं पान दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी तोंडात जातं, देवापुढे जातं, बाळंतिणीला दिलं जातं. म्हणून आधी खुडा, मग फवारणी, हा क्रम मोडू नका. औषधाच्या डब्यावर आणि माहितीपत्रकावर पानवेलीचं नाव आहे का ते वाचा, किती दिवस खुडा करायचा नाही ते वाचा आणि ते पाळा. निळसर डाग असलेली पानं कवळीत घालू नका. बाजारात एकदा मळ्याचं नाव गेलं की भाव परत मिळवायला वर्षं जातात.

गावाच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, सदस्य आणि गावातली महसूल-कृषी खात्याची माणसं यांनाही सांगणं आहे. मर हा एका मळ्याचा रोग राहत नाही, तो पाण्याच्या वाटेने चालतो. शिवारातले सामाईक चर आणि ओघळ मृगाआधी मोकळे झाले तर कित्येक मळे वाचतील. बांधावरून चर अडवल्याचे वाद पाऊस सुरू झाल्यावर मिटवण्यापेक्षा मे महिन्यातच चावडीवर बसून मिटवा. आजारी वेल टाकायला गावाबाहेर, ओढ्यापासून दूर एक खड्डा नेमून द्या. नुकसान झालंच तर शेतकऱ्याने वेल उपटण्याआधी तारखेसह फोटो आणि सऱ्यांची मोजणी लिहून ठेवावी. पुरावा जाळून झाल्यावर पंचनाम्यात काय लिहायचं, हा प्रश्न उभा राहतो. रोग ओळखत नसेल तर अर्धवट सुकलेला वेल मुळासकट, मातीसकट जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. पूर्ण वाळलेल्या वेलावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

जुनी माणसं पानमळ्यात चप्पल घालून शिरू देत नसत. मळा म्हणजे देऊळ, असं ती म्हणत. आजही अनेक ठिकाणी हा नेम पाळतात. त्यात शहाणपणही आहे, कारण बाहेरचा चिखल बाहेरच राहतो. आपण त्याला एवढीच जोड देऊ या. शिरताना पाय धुवा, आजारी सरीतून निघताना पुन्हा धुवा आणि विळाही धुवा. आणि उद्या सकाळी एखादा वेल मान टाकून दिसला, तर मोटरच्या बटणाकडे जाण्याआधी गुडघ्यावर बसा आणि त्याचा बुंधा उकरून बघा.